सल्ग्रेव्ह मॅनरबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आमच्या सहलीत इंग्लंडमधलं सल्ग्रेव्ह मॅनर हे जुनं घर पाहून आपण दोन स्टार देताना तीन तक्रारी नोंदवल्यात: अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन या घरात कधी राहिलेच नाहीत, वास्तूचा निम्मा भाग नवा आहे, आणि बघायला जेमतेम 40 मिनिटं मिळाली.

पहिली चूक सर्वस्वी आमची. माहितीपत्रकात 'वॉशिंग्टन यांचं घर' असं छापलं होतं, ते आता 'वॉशिंग्टन घराण्याचं घर' असं दुरुस्त केलं आहे. जॉर्ज यांचा जन्म 1732 चा, व्हर्जिनियातला. इंग्लंडला ते कधीच गेले नाहीत.

नातं मात्र पक्कं आहे. लोकरीचे व्यापारी आणि नॉर्थॅम्प्टनचे मेयर लॉरेन्स वॉशिंग्टन यांनी 1539 मध्ये, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर, ही जमीन 324 पौंड 14 शिलिंग 10 पेनींना घेतली. जॉर्ज यांच्यापासून वर मोजत गेलं तर ते सातव्या पिढीचे. ऐकताना गोंधळ होतो तो नावांमुळे: घर बांधणारे लॉरेन्स, मुलगा रॉबर्ट, नातू पुन्हा लॉरेन्स, आणि पणतूही लॉरेन्स! हा पणतू एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री. 1643 मध्ये, यादवी युद्धात, त्याचं पद गेलं. त्याचा मुलगा जॉन 1656 च्या सुमारास व्हर्जिनियाला पोहोचला. तो जॉर्ज यांचा पणजोबा. ही वंशावळ यापुढे छापून प्रत्येकाच्या हातात देऊ.

नव्या भागाबद्दल आपलं निरीक्षण बरोबर आहे. ट्यूडर काळातलं, म्हणजे लॉरेन्स यांच्या सोळाव्या शतकातलं म्हणाल तर देवडी, फरसबंद दिवाणखाना आणि त्यावरच्या खोल्या. उत्तरेची बाजू 1700 च्या आसपासची, म्हणजे वॉशिंग्टन मंडळींनी घर सोडल्यानंतरची. पश्चिमेची बाजू वास्तुविशारद रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड यांनी विसाव्या शतकात उभारली. हे फरक आत शिरण्यापूर्वी, अंगणातूनच दाखवायला हवे होते.

आणखी एक दुरुस्ती, जी आपण विचारलेली नाही. दारावरच्या वॉशिंग्टन घराण्याच्या कुलचिन्हातल्या चांदण्या आणि पट्टे यांतून अमेरिकेचा राष्ट्रध्वज आला असं गाइडने सांगितलं. त्याला पुरावा नाही. वॉशिंग्टन शहराचा 1938 पासूनचा ध्वज मात्र थेट याच चिन्हावरून घेतला आहे: पांढऱ्यावर दोन लाल पट्टे, वर तीन लाल चांदण्या.

वेळेबद्दल मनापासून माफी मागतो. पुढच्या सहलीपासून इथे दोन तास ठेवले आहेत, त्यात गावातलं सेंट जेम्स चर्चही येईल. घर बांधणाऱ्या लॉरेन्स यांची कबर तिथेच आहे आणि ती आपली राहून गेली, याची आम्हाला खंत आहे.