मोटरमन, पण लोकलचा नव्हे

बेळगावात जन्मून जहाजावर नोकरी करायची म्हणजे जन्मभर खुलासे देत बसायची तयारी ठेवायची. आमचं गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट वर, समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, आणि गोव्याला जाणाऱ्यातले समुद्रासाठी किती जातात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, त्यामुळं गल्लीगल्लीत एखादे तरी सुभेदार काका. अशा ठिकाणी मर्चंट नेव्ही म्हणलं की त्यातलं 'मर्चंट' कुणाच्या कानात शिरतच नाही.

आणि नेव्ही म्हणलं की कॅन्टीन आलंच.

मी सुट्टीवर आलो की बॅगेची चेन उघडायच्या आत शेजारच्या काकू दारात. "आलास होय रे? बरं झालं बघ, मिक्सर घ्यायचाय, तुमच्या कॅन्टीनमध्ये स्वस्त मिळतोय म्हणं." मी सांगतो, काकू, आमची प्रायव्हेट कंपनी, तेलाचं टँकर जहाज, एका देशातनं भरायचं दुसऱ्या देशात ओतायचं, मिलिटरीशी काही संबंध नाही, कार्ड नाही. काकू सगळं पटल्यासारखी मान हलवतात आणि जाता जाता म्हणतात, "बरं, मिक्सर ऱ्हाऊ दे, कुकर तरी बघ की." सुभेदार काकांचं दुखणं वेगळंच. ते विचारतात पोस्टिंग कुठं, मी म्हणतो सोडलं तेव्हा जहाज सिंगापूरला होतं, आता कुठं असेल कोण जाणे, आणि पुढच्या वेळी हेच जहाज मिळेल असंही नाही. आपलं युनिट कुठाय हे ज्याला माहीत नाही अशा माणसाकडं काका ज्या नजरेनं बघतात ती मी दर सुट्टीत झेलतो. शुभेच्छा मात्र न चुकता देतात, 4 डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला. आमचा दिवस 5 एप्रिल. 1919 साली त्या दिवशी 'लॉयल्टी' नावाचं सिंदिया कंपनीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्याची आठवण. त्या दिवशी मला एक मेसेज येतो, तोही कंपनीचा.

मग इंग्लिश सोडून मराठीवर आलो. म्हणलं, "खलाशी आहे." हुबळीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालेले आत्याचे यजमान खूश! "अरे व्वा, मी पण खलाशी म्हणूनच लागलो की रेल्वेत!" आता रेल्वेत खरंच तसली पोस्ट होती, त्यांचं काय चुकलं? बरं म्हणून खरी रँक सांगितली, मोटरमन. इंजिन रूममध्ये काम करणाऱ्याला जहाजावर मोटरमन म्हणतात, पण हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे मुंबईत लोकल चालवतोस? मग डोंबिवलीला खोली बघ, सोयीचं पडतंय." नाविक म्हणावं तर भरतीची तयारी करणारी पोरं मागं लागतात, कारण कोस्ट गार्डच्या जाहिरातीत ती पोस्ट त्याच नावानं निघते. "दादा, नाविक जीडीचा कटऑफ किती लागला?" सारंग, तांडेल हे अस्सल शब्द कोकणपट्टीत चालतात, आमच्याकडं सारंग म्हणजे कुणाचा तरी नातू. आणि साहेबाच्या काळात आपल्या खलाशांना 'लास्कर' म्हणायचे, तो शब्द आला लष्करावरनंच, पण ही माहिती मी सुभेदार काकांपासून जपून ठेवलीय.

सगळ्यात कहर झाला एका सरकारी ऑफिसात. कागदपत्रात आमचं सीडीसी जोडलेलं, म्हणजे खलाशाचं ओळखपत्रवजा पुस्तक, पूर्ण नाव कंटिन्यूअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. टेबलावरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ते नाव दोनदा वाचलं, मग माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "एन आगित्तरी? म्हणजे, काय झालेलं? ऑपरेशन?" मी म्हणलं, साहेब, जहाजावरनं उतरताना देतात तो डिस्चार्ज. "होय होय," साहेब म्हणाले, "पण कंटिन्यूअस म्हणजे पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागतंय काय?" मागच्या रांगेतल्या एका बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो. उभं राहून तासभर झालेला, खुलासा नंतर करता येतो.

यंदा गणपतीत मंडळानं माझं फ्लेक्स लावलं, न विचारता. 'भारतमातेचे शूर दर्यावर्दी', खाली माझं नाव, चेहरा आधार कार्डावरचा, धड कुणाचं तरी पांढऱ्या युनिफॉर्मातलं मेडल लावलेलं, मागं तोफा रोखलेली युद्धनौका. आणि मी काय करतो? पाण्याच्या पातळीखाली, चाळीसच्या वर टेंपरेचरमध्ये, कानात बोळे आणि वर मफ घालून प्युरिफायर, म्हणजे इंजिनाचं तेल साफ करायचं मशीन, उघडतो आणि त्याच्या एकेका चकतीवरचा डांबरासारखा गाळ खरवडतो. समुद्र दिसतो तो चहाच्या सुट्टीत वर आलो तर. हे सगळं मी अध्यक्षाला उभं करून समजावून सांगितलं, म्हणलं हे काढ बाबा, खरे फौजी बघतील तर काय म्हणतील. त्यानं गुटखा एका गालातनं दुसऱ्या गालात सरकवला, फ्लेक्सकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "ही बोट आवडली नसंल तर पुढच्या वर्षी पाणबुडी टाकतो की."