‘विष टोचण्याची जाहिरात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकमहोदयांस,

हृदयाच्या एमआरआयसाठी वापरायच्या मँगनीजयुक्त कॉन्ट्रास्टवरील (चित्र स्पष्ट उमटावे म्हणून शिरेतून टोचायच्या द्रव्यावरील) माझ्या लेखाखाली आपण लिहिता : ‘खाणीतल्या मजुरांना ज्या धातूने कंपवातासारखा आजार होतो, तो शिरेतून टोचण्याची ही जाहिरात आहे. गॅडोलिनियम आहे की! आणि हे परवडणार कुणाला?’ (गॅडोलिनियम म्हणजे सध्या नेहमी वापरला जाणारा धातूचा कॉन्ट्रास्ट.)

आक्षेप जरूर घ्यावा. जाहिरातीचा आरोप मात्र मी ऐकून घेणार नाही. उमेदीची वर्षे मी याच नाशिकमध्ये एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काढली, कॉन्ट्रास्ट देण्याआधी प्रत्येकाचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा, अहवाल पाहिला, आणि ‘हात गार पडतोय’ म्हणून घाबरलेल्या रुग्णांना काचेपलीकडून धीर दिला. आपण या खोलीत कधी उभे राहिला आहात काय?

मजुरांचा आजार खराच आहे. कूपर नावाच्या डॉक्टरांनी तो १८३७ मध्येच नोंदवला. परंतु तो वर्षानुवर्षे श्वासावाटे गेलेल्या धुळीतून मेंदूत साठलेल्या मँगनीजचा. मँगाफोडिपिर हे मँगनीजयुक्त कॉन्ट्रास्ट औषध यकृताच्या तपासणीसाठी वजनाच्या किलोमागे ५ मायक्रोमोल इतकेच, तेही संथपणे देत असत; गॅडोलिनियमची नेहमीची मात्रा १०० मायक्रोमोल असते. यकृत धड असेल तर मँगनीज पित्तावाटे बाहेर पडते.

खरा धोका आपल्या नजरेतूनच सुटला. मोकळा मँगनीज आयन कॅल्शियमच्या वाटेने हृदयपेशीत शिरतो आणि घाईने दिल्यास आकुंचन मंदावून रक्तदाब उतरवतो. म्हणून तो रेणूच्या पकडीत बांधून किंवा कॅल्शियमच्या जोडीने देतात. गंमत अशी की त्याचा उपयोगही याच वाटेत आहे. जिवंत पेशी त्याला आत घेतात आणि चित्रात उजळतात, हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू घेत नाही. गॅडोलिनियम पेशीबाहेरच राहते आणि व्रणात रेंगाळते. ते मेलेले दाखवते, जिवंत काय उरले ते आपण ताडायचे.

मँगाफोडिपिरला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली होती, पुढे ते बाजारातून गेले आणि हृदयासाठीचा वापर अजून संशोधनातच आहे, हे मी लेखाच्या तळाशी लिहिले. ते वर हवे होते, एवढे मान्य.

‘गॅडोलिनियम आहे की’ म्हणण्यापूर्वी त्याच्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांची त्वचा कडक होण्याच्या आजाराविषयी २००६ पासून काय उघड झाले, ते वाचावे. आणि परवडण्याचे म्हणाल, तर बाजारात तुरी असताना भाव कसला विचारता?