‘मनावर घेतलं तर सुटते’ म्हणणाऱ्यांनी जरा ऐका

धूम्रपानाने आमच्या घरातली दोन माणसं नेली. आजोबा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, मोठे मामा सीओपीडीने, म्हणजे श्वास कोंडत नेणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराने. मामांचं शेवटचं वर्ष बघवत नव्हतं. नाकात ऑक्सिजनची नळी, संडासापर्यंत जाऊन आलं की धाप. आडवं होता येईना, म्हणून खाटेवर बसूनच समोरच्या उशीवर डोकं टेकून डुलकी घ्यायची. तशातही मामीला म्हणायचे, "एकच झुरका दे गं." ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर काय होईल या धास्तीने मामी काडेपेटी पदराला बांधून फिरायची.

आमचं सिन्नरचं घर, मामीनेही उमेदीत बिड्या वळल्या. मांडीवर सूप, हातात कातरी, हजारामागे मजुरी. त्या घराला बिडीने पोसलंही. हा गुंता मला अजून सुटलेला नाही.

तर दहाव्याला एक पाहुणे बोललेच, "मनावर घेतलं असतं तर सुटली असती." माझं डोकं सणकलं. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. ते तोडलं की चिडचिड, झोप उडणं, पोट साफ न होणं, पहिले काही दिवस तर जीव नकोसा. घरचे वर म्हणतात, "याच्यापेक्षा ओढत होतास तेच बरं होतं!"

मामेभाऊ सध्या यातून जातोय. बापाला तसं बघूनही ओढतो म्हणून सगळे त्याला बोलतात. अरे, बाप गेल्यावर तर त्याची वाढली! सुटावी म्हणून मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंगम आणलं, दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं. पण कसं खायचं ते कुणी सांगितलंच नाही. साध्या च्युइंगमसारखं चघळत बसला, उचक्या आणि मळमळ सुरू झाली, दिलं टाकून. ते थोडं चावायचं, झिणझिणलं की गालात धरून ठेवायचं, असं त्याला फार उशिरा कळलं.

पाकिटावर 1800-11-2356 हा सरकारी मदतीचा फुकट नंबर छापलेला असतो. पण आमच्याकडे पाकीट घेतो कोण? सुट्टी सिगारेट आणि चहा. राज्यात सुट्ट्या विक्रीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, टपरीवाल्याला त्याचा पत्ता नाही. सुट्टी घेणाऱ्याला ना तो नंबर दिसतो, ना ते भयानक चित्र.

शेवटी नंबर मीच लावून दिला. तिकडून पहिला प्रश्न आला, "सकाळी उठल्यावर पहिली कधी ओढता?" भाऊ म्हणाला, "तोंड धुवायच्या आधी." तिकडून कुणी च्च केलं नाही, पुढचा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत त्याच्याशी या विषयावर असं कुणी बोललंच नव्हतं.

नाशिककडे तंबाखू सोडवायला मदत करणारे चांगले डॉक्टर माहीत असतील तर इनबॉक्स करा. आणि त्याला "मन घट्ट कर" सांगायला कृपया फोन करू नका.