खुलासा: ‘१४ फुटी घेऊच नका, १६ फुटीच सुरक्षित’ हे अर्धसत्य

मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची बोट घेणाऱ्यांना सध्या एक सल्ला सरसकट दिला जातोय: १४ फुटी बोट कलंडते, १६ फुटीच घ्या. हे असं सरळ नाही.

बोट बाजूला किती कलते, हे मुख्यतः रुंदी, तळाचा आकार आणि वजनाची मांडणी यांवर ठरतं. लांबीचा वाटा त्यात कमी. रुंद, सपाट तळाची १४ फुटी बोट शांत पाण्यात अरुंद १६ फुटीपेक्षा जास्त स्थिर वाटू शकते. उभं राहून गळ टाकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. मात्र लाटा उठल्या की तोच सपाट तळ आपटायला लागतो. तिथे व्ही आकाराचा तळ आणि उंच काठ हवेत, आणि मोठ्या बोटीत ते सहसा मिळतात. उघड्या, वाऱ्याच्या पाण्यावर मोठीच घ्या, यात वाद नाही.

पण ॲल्युमिनियम हलकं. उंच काठाच्या हलक्या बोटीला वारा ढकलत नेतो, एकट्याने ती जागेवर धरणं जिकिरीचं होतं. शिवाय इंजिन मोठं, इंधन जास्त, ट्रेलर जड.

माणसं किती बसतील याचा ढोबळ हिशेब असा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. १४ बाय ५ ची बोट असेल तर चार जण. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर मात्र तीच प्रमाण. इंजिन आणि सामानाचं वजनही त्यातच धरायचं, जे बहुतेक जण विसरतात.