समंजस गाडी म्हणजे नेमकी कोणती?

समंजस गाडी कोणती यावरच्या एका लेखात लेखकाने सेकंडहँड घेणाऱ्यांना मारुतीची स्विफ्टच घ्या, फोक्सवॅगनच्या पोलो जीटीचा मोह टाळा असं सांगितलंय. मायलेज, स्वस्त पार्ट्स आणि पुढची विक्री, हे तिन्ही मुद्दे मान्य. पण सुरक्षिततेचा उल्लेखच नाही, हे मला खटकलं. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या गाड्यांच्या धडक चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला 2014 साली चार स्टार मिळाले होते, तर 2018 च्या स्विफ्टला दोनच. घरची माणसं घेऊन खंबाटकीचा घाट चढायचा असेल तर समंजसपणात हेही धरायलाच हवं.

पोलोतही निवड आहे. जुन्या 1.2 टीएसआय पेट्रोल इंजिनाच्या पोलोतला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बिघडला तर खर्च मोठा येतो. 2020 पासूनच्या 1.0 टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, मी तीच शोधेन. भारतातलं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, त्यामुळे आपल्या गावात हात बसलेला मेकॅनिक आहे का, हे आधी विचारून घ्या.

गाडी कुठलीही असो, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; पट्ट्याच्या तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती असं समजा आणि सरळ निघा. गाडीवर जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढेल, तो हिशेबात धरा.