आहेस त्याच्या उलट हो

आमच्या घरात टीव्ही लावायला तीन रिमोट लागतात आणि बंद करायला चार. चौथा डीव्हीडी प्लेअरचा. त्या प्लेअरमध्ये कित्येक वर्षांत कुणी तबकडी घातलेली नाही. पण टीव्ही जागा झाला की एचडीएमआयच्या केबलमधून त्याला कशी कोण जाणे चाहूल लागते आणि तोही उठून बसतो. उठतो आपला आपण, झोपवावा मात्र आपल्याला लागतो.

सेट टॉप बॉक्सच्या रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर आहे, त्यामुळे त्यावरची अक्षरं शाबूत आहेत पण दिसत नाहीत. टीव्हीच्या रिमोटला कव्हर नाही, त्याची अक्षरं दिसली असती पण पुसली गेलीत. साउंड सिस्टिमच्या रिमोटचं पाठीमागचं झाकण हरवलंय आणि सेल रबरबँडने जखडून ठेवलेत. हा रबरबँड नेमका म्यूटच्या बटणावरून जातो. आईने या तिघांना लांबडा, काळा आणि रबरवाला अशी नावं ठेवली आहेत. "लांबड्याने लाव, काळ्याने चॅनेल बदल, नि आवाज आला नाही तर रबरवाला शोध" एवढा तिचा मंत्र. हा मंत्र बरोबर चालत होता, हे मी आत्ताच कबूल करून टाकतो.

तरीही मी युनिव्हर्सल रिमोट मागवला.

"युनिव्हर्सल म्हणजे काय रे?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्यांना मिळून एक."

"म्हणजे हरवला की सगळंच बंद," ते म्हणाले आणि पेपरात शिरले.

रिमोटबरोबर एक घडीचा कागद आला. तो उलगडला तेव्हा टेबलाच्या बाहेर गेला, आणि घडी परत कधीच जमली नाही. एका कोपऱ्यात कृती, बाकी सगळीकडे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत कंपन्यांची नावं आणि त्यांच्यापुढे चार आकडी कोड. कृती सोपी होती. 'सेट'चं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, मग 'टीव्ही' दाबायचं, मग कोड. दिवा दोनदा लुकलुकला तर कोड मान्य, एकदाच लांब लागला तर अमान्य. आमच्या टीव्हीच्या कंपनीपुढे २३ कोड होते. एकाच कंपनीला एवढे कशाला, असं मुलीने विचारलं. त्याच नावाचे टीव्ही वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप घालून निघालेले असतात आणि प्रत्येकाची भाषा निराळी असते, असं मी तिला ऐटीत सांगितलं. तेव्हा ऐट शिल्लक होती.

अण्णांकडे लेखनिकाचं काम दिलं. जो कोड लागू पडेल तो त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी सेलच्या झाकणाच्या आतून चिकटवायची. हे त्यांनी फार मनावर घेतलं. पेन बदललं, मग चष्मा बदलला.

पहिल्याच कोडला टीव्ही बंद झाला! मी हात उंचावला. मग लावला, आवाज वाढवायला गेलो, तर आवाज वाढला. चॅनेल बदलायला गेलो, तरी आवाजच वाढला. दुसऱ्या कोडला काहीच झालं नाही. सातव्या कोडला आवाज, चॅनेल, सोर्स सगळं सुरळीत, फक्त मेन्यू दाबला की टीव्ही 'किती मिनिटांनी झोपू?' असं विचारायचा. "त्याला कंटाळा आलाय," मुलगी म्हणाली. अकराव्या कोडला मेन्यूही आला. "लिहा अण्णा," मी म्हणालो, आणि अण्णांनी वळणदार अक्षरात आकडे काढले.

इथे मला थोडं शास्त्र सांगू द्या, नाहीतर पुढचा छळ नीट कळणार नाही. रिमोटच्या नाकाशी एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. बटण दाबलं की तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे पाडून निरोप पाठवतो. एका फार प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची जोरदार हाक असते, मग ३२ बिटांचा निरोप. निरोप कुणाला आणि काय, एवढंच त्यात असतं. पण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, एकदा सरळ आणि एकदा उलटी, म्हणजे ऐकणाऱ्याची खात्री पटावी. हे वाचलं तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आई गेली चाळीस वर्षं मला "लवकर ये, उशीर करू नकोस" असंच सांगत आली आहे.

हे दिसत नसलं तरी फोनच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतं. मी रबरवाल्याचं नाक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर पडद्यावर जांभळट ठिणगी थरथरली. मुलीने घरातले सगळे रिमोट तपासले, मग एसीचा, मग पुन्हा सगळे. ती संध्याकाळ तेवढी चांगली गेली.

साउंड सिस्टिमच्या कंपनीचं नाव यादीतच नव्हतं. अशा अनाथांसाठी कागदावर 'ऑटो सर्च' होता. उपकरण चालू ठेवायचं आणि पॉवरचं बटण एकेकदा दाबत राहायचं. दर वेळी रिमोट पोतडीतला पुढचा कोड फेकतो. उपकरण बंद पडलं की तिथेच थांबायचं आणि 'सेट' दाबायचं. पुढे गेलात तर आवाज कमी करायच्या बटणाने एकेक मागे यायचं. कोड किती, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर बसलो. मुलगी मोजत होती. पहिल्या पन्नासांत उत्साह होता. शंभरीला अंगठ्याला ठेका सापडला, आणि तिथेच घात झाला. एकशे बेचाळीसला सिस्टिम 'टक्' करून बंद झाली. "बाबा, झाली!" असं मुलगी ओरडेपर्यंत अंगठा एकशे चव्वेचाळीसवर पोचला होता. हरकत नाही, दोन पावलं मागे. मी एक मागे आलो, काही नाही. आणखी एक, काही नाही. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून आणखी मागे गेलो. एकशे एकोणचाळीसला सिस्टिमचा निळा दिवा लागला. बंद व्हायच्या ऐवजी चालू! मी चक्रावून आणखी तीनदा दाबलं.

उलगडा झोपताना झाला. ही सिस्टिम जागी व्हायला चार-पाच सेकंद घेते. मी बरोबर एकशे बेचाळीसवर आलो होतो, तिने निरोप ऐकलाही होता, पण डोळे चोळत दिवा लावेपर्यंत मी पुढे, म्हणजे मागे, निघून गेलो होतो. आणि ती चालू झाली, कारण आधी बंद होती. पॉवरच्या बटणाचा अर्थ 'चालू हो' असा नसतो, 'बंद हो' असाही नसतो. त्याचा अर्थ 'आहेस त्याच्या उलट हो' असा असतो. पुष्कळ उपकरणांना नुसतं 'चालू' आणि नुसतं 'बंद' असे वेगळे निरोपही कळतात. पण ती बटणं त्यांच्या स्वतःच्या रिमोटवर बहुतेक वेळा देत नाहीत. का देत नाहीत? माझ्या मते केवळ दुष्टपणा.

दुसऱ्या दिवशी ठेका सोडून, दर वेळी सहा आकडे मोजून, ते काम झालं. ज्या बटणांचे निरोप त्या कोडात नव्हते ती शिकवावी लागली. त्याची रीत मात्र गोड आहे. जुना आणि नवा रिमोट चार बोटांच्या अंतरावर नाकासमोर नाक करून ठेवायचे, नव्याला 'शीक' म्हणायचं आणि जुन्याचं बटण दाबायचं. रबरबँड बाजूला धरून मी म्यूट शिकवला. म्हातारा मास्तर आणि पुढच्या बाकावरचा पोरगा. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक याने १९८७ साली असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. संगणक बनवून झाल्यावरच माणूस या भानगडीत पडला, याची मी नोंद घेतली.

टीव्हीच्या पाठीत खोचलेल्या स्टिकने मात्र हात टेकवले. तिला अवरक्त डोळाच नाही, ती ब्लूटूथवर चालते. तिचा रिमोट आहे तसा राहिला. त्याबद्दल घरात मी बोललो नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग मुकुटमणी. या रिमोटवर एक मोठं बटण होतं, त्याला एकामागून एक बरेच निरोप पाठवायला शिकवता येतं. एकदा दाबलं की टीव्ही, बॉक्स आणि सिस्टिम ओळीने चालू. मी सगळ्यांना बोलावलं, हात लांब केला आणि दाबलं. टीव्ही लागला. सिस्टिम लागली. बॉक्स बंद झाला, कारण तो आदल्या रात्रीपासून चालूच होता. पुन्हा दाबलं. टीव्ही बंद, सिस्टिम बंद, बॉक्स चालू. "आता एक असं दाब ना की मधलं होईल," आई म्हणाली.

रिमोट फक्त बोलतो. त्याला कान नाहीत. कोण जागं आहे, कोण झोपलंय, निरोप पोचला की भिंतीवर आपटला, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तिघांनाही एकदा हाताने बंद करून ठेवलं की मग बटण बरोबर चालतं. पण सगळे निरोप जाईपर्यंत दोन-अडीच सेकंद हात टीव्हीकडे धरून ठेवावा लागतो. आईचा हात बटण दाबलं की पुढच्या क्षणी मांडीवर. त्यामुळे पहिला निरोप टीव्हीला आणि उरलेले दोन तिच्या गुडघ्याला. तिघांची फाटाफूट झाली की मला ऑफिसात फोन.

"चित्र आहे, आवाज नाही."

"निळा दिवा आहे का?"

"कशाला?"

"सिस्टिमला गं."

"तिच्यासमोर फ्लॉवरपॉट आहे."

फ्लॉवरपॉट आईनेच आदल्या दिवशी ठेवला होता, ते भोक वाईट दिसतं म्हणून. ते भोक म्हणजे सिस्टिमचा डोळा.

फ्लॉवरपॉट हलला, हात न हलवायची सवय लागली, आणि तीन आठवडे खरोखर घरात शांतता नांदली. लांबडा, काळा आणि रबरवाला खणात गेले. मी पाहुण्यांनाही ते बटण दाबून दाखवत असे. त्यांचे चेहरे बघून वाटे की अजून नीट समजलेलं नाही, म्हणून पुन्हा दाखवत असे.

मग भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. अण्णांना वेळ चुकलेली चालत नाही. त्यांनी रिमोटमधला एक सेल काढून घड्याळात घातला आणि संध्याकाळी दुकानातून नवा आणून रिमोटमध्ये बसवला. सगळं अगदी व्यवस्थित. फक्त त्या घडीच्या कागदावर अगदी तळाशी एक ओळ होती की सेल बदलायला एका मिनिटाहून जास्त वेळ लावला तर शिकवलेलं सगळं पुसलं जातं. १९५६ साली रॉबर्ट ॲडलर याने झेनिथ कंपनीसाठी जो रिमोट केला, त्यात बटण दाबलं की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि तिचा कानाला न ऐकू येणारा नाद टीव्ही ऐकायचा. त्याला सेलच लागत नसत. हे मी अण्णांना सांगितलं. "मग पुढे बिघडवला कशाला?" ते म्हणाले.

पण चिठ्ठी होती. मी झाकण काढलं, चिठ्ठी जागेवर होती. अण्णांच्या सुरेख मराठी अक्षरांत चार आकडे. पहिला शून्य होता. तिसरा पाच होता. दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या डोक्यावर छानसं वळण होतं आणि खाली शेपटी.

"अण्णा, हा एक आहे की नऊ?"

अण्णांनी चिठ्ठी उजेडात धरली, चष्मा बदलला, पुन्हा धरली.

"लिहिला तेव्हा कळत होतं."

"आत्ता?"

"आत्ता एक वाटतोय."

"आणि शेवटचा?"

"तोही तसाच आहे."

मी 'सेट' दाबून धरलं, लाल दिवा लागला, 'टीव्ही' दाबलं. अण्णा एक म्हणाले होते, म्हणून मी दोन्हीकडे नऊ दाबले. दिवा दोनदा लुकलुकला. मान्य! मुलगी धावत आली, आई हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. मी हात लांब करून पॉवर दाबलं आणि अडीच सेकंद तसाच धरून ठेवला.

टीव्ही ढिम्म. खालच्या फळीवर डीव्हीडी प्लेअर उठून बसला.