खरा नाशिककर कोण म्हणे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं की खरे नाशिककर फक्त गावातले, जुनं नाशिक आणि पंचवटी, बाकी सगळे बाहेरून येऊन बसलेत. खाली अंगठ्यांची रांग. मी सिडकोतला, वडील सातपूरला कंपनीत लागले म्हणून आम्ही इथे, म्हणजे मी भाडेकरूच की 😄

तर काका, एकदा पांडवलेणी चढा. पांडवांची नाहीत ती, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, पण पुढे तिथल्या लेखांची ब्राह्मी लिपी वाचणारं कोणी उरलं नाही, पांडव मात्र सगळ्यांना पाठ, मग झाली पांडवांची! तिथे १८ नंबरच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या दारावर कोरलंय 'नासिककानं', नाशिककरांचं, धंभिक गावाचं दान. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द, आणि दान देणारं गाव कुठलं तर धंभिक, ज्याचं नाव आज कोणाच्या तोंडात नाही. बाकीच्या लेण्यांतल्या लेखांत सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई बलश्री आहे, मुगुदास नावाचा मासेमार आहे आणि क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात पण आहे, तो तर शक, तुमच्या हिशोबाने एकदमच बाहेरचा.

बरं गावातलेच म्हणता ना, मग काळाराम मंदिर घ्या. दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं उभी आणि देवळाची दारं बंद, पाच वर्षं चाललं हे, दार काही उघडलं नाही, शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा. दादासाहेब कुठले होते? आपल्याच जिल्ह्यातले ना? पिढ्यान् पिढ्या इथे राहून पण 'आपल्यातले' नव्हते, मग कोण कधी आलं याचा हिशोब कशाला, दाराला कडी कोणाच्या हातात होती ते बघा. आणि मी पण काही साव नाही, पाहुण्यांना देऊळ दाखवताना काळ्या दगडावर दहा मिनिटं बोलायचो आणि सत्याग्रह एका वाक्यात उरकायचो.

मला स्वतःला नाशिककर झाल्यासारखं वाटलं ते रंगपंचमीला, कॉलेजात असताना मित्राने रहाडीत ढकललं तेव्हा. रहाडी म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचे रंगाचे हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले, वरून गाड्या जातात, आणि तरी बरोबर तिथेच खणतात. धप्पा, म्हणजे रहाडीत उडी मारताना कोणी पत्ता विचारला नाही.

काका, पुढच्या वेळी या, हात मी धरतो. चांगला शर्ट तेवढा घालू नका, रंग जात नाही.